धारदार स

मी कवळ्या करतो. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे आणि एकतीस वर्षं मी त्या टेबलाशी बसून लोकांचे दात मेणात रोवत आलो आहे. पुढच्या खोलीत पेशंटला खुर्ची, पंखा, मासिकं आणि डॉक्टरबाईंचं हसू मिळतं. माझ्या खोलीत प्लास्टरची धूळ आहे. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांचे जबडे नंबर घालून माझ्या फळीवर ठेवलेले आहेत, पण ती माणसं रस्त्यात भेटली तर ओळख दाखवत नाहीत. कवळीवाल्याला ओळखणं म्हणजे तोंडात कवळी आहे हे कबूल करणं.

मला इंग्रजी येत नाही. पाट्या वाचता येतात, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येतं, झालं. पण इंग्रजीतला कुठला आवाज तोंडात कुठे तयार होतो, हे मला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. ही फुशारकी नाही, धंद्याचा भाग आहे. कवळी पक्की करायच्या आधी दात नुसते मेणात बसवलेले असतात, तेव्हा ती पेशंटच्या तोंडात घालून त्याला इंग्रजी आकडे म्हणायला लावतात. तसं डॉक्टरबाईंच्या पुस्तकात दिलं आहे, आणि पुस्तकात दिलं आहे म्हणून ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही तोही आमच्या खुर्चीत बसून ते आकडे म्हणतो.

‘फिफ्टी-फाइव्ह’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठावर अलगद टेकली पाहिजे, ओठाचा ओला भाग संपून कोरडा सुरू होतो तिथे. दात लांब झाले तर ओठ चावला जातो, आखूड झाले तर नुसता वारा बाहेर पडतो. ‘सिक्स्टी-सिक्स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ येतात पण एकमेकांना शिवत नाहीत. शिवले तर कपबशीसारखे वाजतात, फार लांब राहिले तर सचा श होतो. ‘थँक यू’ म्हणताना जिभेचं टोक दातांच्या फटीतून जरासं डोकावलं पाहिजे. नाही डोकावलं, तर मी दात मागे बसवले आहेत असं समजायचं आणि मुकाट्याने मेण पुन्हा गरम करायचं. अशा रीतीने मी एकतीस वर्षांत हजारो लोकांच्या तोंडून इंग्रजी ऐकलं आहे, पण पन्नास ते सहासष्टच्या पुढे कुणी गेलं नाही.

आता आमच्या शहरातल्या सविषयी सांगतो. इथे कुठल्याही बऱ्या हॉटेलात जा, बँकेत जा, मोठ्या इस्पितळाच्या काउंटरवर जा. तिथली मुलगी ‘येस सर’ म्हणते आणि त्या दोन्ही सच्या शेपटाला एक बारीक शीळ वाजते. मुलगी नवी आणि उत्साही असेल तर बाहेरची कुत्री कान टवकारतात. या शीळेला इथे ‘धार’ म्हणतात. ज्याच्या सला धार आहे त्याचं इंग्रजी अस्सल, बाकीच्यांचं पोटापुरतं. लग्नाच्या जाहिरातीत सुद्धा ‘मुलीच्या इंग्रजीला धार आहे’ असं छापून आलेलं मी वाचलं आहे.

ही धार आणली उच्चारसरांनी. अठरा वर्षांपूर्वी ते कुठून तरी एक सुटकेस घेऊन आले आणि त्यांनी दुकानांच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी उच्चारांची संस्था काढली. आज ती आख्खी इमारत संस्थेची आहे. तिथे मुलांना मेणबत्तीसमोर बसवून पचा उच्चार घोटून घेतात; आपला प वात हलवत नाही, इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या पने ज्योत वाकली पाहिजे. आरशासमोर बसवून जीभ बाहेर काढायला लावतात. इथवर ठीक आहे, त्यात खोटं काही नाही. पण शेवटच्या सहा महिन्यांत फक्त धार. ‘हा स आता तिकडेही फार थोड्या जुन्या घराण्यांत उरला आहे,’ असं सर सांगतात. परदेशाहून आलेला एखादा गोरा पाहुणा त्या शीळेशिवाय बोलला, तर वर्गातली मुलं एकमेकांकडे कीव करून बघतात.

माझी लेक या परीक्षेत दोनदा नापास झाली.

लेक चोवीस वर्षांची आहे. विमानतळावर घोषणा करायच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. आवाज गोड, बोलणं स्वच्छ, चार भाषा येतात. पण नेमणुकीच्या कागदात एक ओळ होती, संस्थेचं उच्चार-प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत जोडावं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. लहानपणी ती उभ्या करून ठेवलेल्या पाटाच्या मागे उभी राहून घरातल्या माणसांच्या घोषणा करायची, ‘बाबा अंघोळीला जात आहेत, कृपया टॉवेल द्यावा.’ तिला दुसरं काही कधी व्हायचंच नव्हतं.

दुसऱ्या वेळच्या गुणपत्रिकेवर परीक्षकाने शेरा लिहिला होता: ‘सला धार नाही. तोंडाची ठेवण अनुकूल नाही. बहुधा घराण्याचा दोष.’

घराण्याचा दोष! मी तो कागद वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने माझ्या नाकाला नावं ठेवावीत, माझ्या शर्टाला ठेवावीत. पण तोंडाला? लेकीच्या सोळाव्या वर्षी मी हौसेने तिच्या दातांचा साचा घेतला होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे. शिकाऊ पोरांना निर्दोष जबडा कसा असतो ते दाखवायला मी तोच हातात घेतो.

तिसऱ्या परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा आमच्या घराची संस्था झाली. स्वयंपाकघरात मेणबत्ती, न्हाणीघरात आरसा, बाहेरच्या खोलीत लेक ‘सिक्स सिस्टर्स’ म्हणत येरझाऱ्या घालते आहे. आमची ही तिला सोबत म्हणून पचा सराव करायला लागली आणि चार दिवसांत तिने डझनभर मेणबत्त्या विझवल्या, शेवटी तर गॅसची शेगडीही. शेजारीणबाई दारात येऊन हळूच विचारून गेल्या, “तुमच्याकडे प्रेशर कुकरचं काही बिघडलंय का? दिवसभर सूं सूं ऐकू येतं.”

“कुकर नाही, करिअर आहे,” मी म्हणालो. त्या लगेच गेल्या.

परीक्षा शनिवारी होती. त्याच आठवड्यातल्या सोमवारी, दवाखाना उघडायच्या तासभर आधी, मागच्या दाराने एक गृहस्थ आले. गळ्याला मफलर, मफलर नाकापर्यंत. बोलेनात. खिशातून वही काढून लिहायचे आणि कागद फाडून डॉक्टरबाईंच्या हातात द्यायचे. पहिल्या कागदावर होतं: ‘पूर्ण गुप्तता.’ दुसऱ्यावर: ‘शनिवारपर्यंत.’ मग त्यांनी रुमालात गुंडाळलेली वरची कवळी टेबलावर ठेवली. तिचे दोन तुकडे झाले होते. बेसिनमध्ये पडली होती.

मफलर खाली आला आणि मी ओळखलं. हा चेहरा चौकाचौकांतल्या फलकांवर आहे, फक्त तिथे त्याच्या तोंडात दात असतात. उच्चारसर! ज्यांनी निम्म्या शहराला तोंड उघडायला शिकवलं, ते बोळकं तोंड मिटून माझ्यासमोर बसले होते. संस्थेत त्यांनी घसा बसल्याचं कळवलं होतं. मला त्यांनी अर्थातच ओळखलं नाही. माझ्यासारख्याला ओळखायचं कारण काय?

“ही जुनी जोडून भागणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हिरड्या झिजल्यात. नवी करावी लागेल. काका, शुक्रवारपर्यंत होईल?”

“होईल,” मी म्हणालो. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या असताना त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मी होतो, म्हणून काका.

सर गेल्यावर मी ते दोन तुकडे मेणाने जोडून उजेडात धरले. कुणी केली होती कोण जाणे, काम हलकं होतं. पुढचे दात बरे होते, पण त्यांच्या मागे, जिथे जीभ टेकते त्या टाळूच्या भागात, एक खोल अरुंद खाच राहिली होती. कारागिराने घाई केली असणार. अशी खाच आम्ही घासून सपाट करतो, कारण मी मी म्हणणाऱ्याचीही जीभ तिथे नीट टेकत नाही आणि स म्हणताना हवा त्या पन्हळीतून…

मी उठलो. धूळ उडवायचा रबरी फुगा घेतला, त्याचं टोक खाचेच्या मागे धरलं आणि दाबला.

शीळ वाजली. तीच. बँकेतली, हॉटेलातली, इस्पितळातली. जुन्या घराण्यांतली.

मी खुर्चीत बसून एकटाच हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अठरा वर्षं, एक आख्खी इमारत, हजारभर प्रमाणपत्रं, आणि मुळाशी कुठल्या तरी आळशी कवळीवाल्याने न घासलेली खाच! मग हसू थांबलं. त्या खाचेपायी माझ्या घराण्याला दोष लागला होता.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. पेशंटचं तोंड घरी न्यायचं नाही. कुणाची कवळी, कुणाचा किडका दात, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. एकतीस वर्षं मी तो पाळला आहे, त्या दिवशीही पाळला. पण संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही एवढी तोंडं बघता. ही धार नेमकी येते तरी कशी?” आणि माझ्या पोटात राहीना. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे.

“सोप्पं आहे,” मी म्हणालो आणि दोन्ही हातांनी दाखवलं. “हा तळवा टाळू, ही बोटं जीभ. जिभेच्या दोन्ही कडा वर चिकटवायच्या आणि मध्ये काडीएवढी पन्हळ सोडायची. टोक जरा ताठ. हवा अरुंद वाटेने गेली की वाजते. पण ऐक, तो दोष आहे दोष! आमच्याकडे असं वाजलं तर आम्ही कवळी परत घेतो. तुझा स बरोबर आहे. तू काही बदलू नकोस.”

“बरोबर कुणाच्या मते?” तिने विचारलं.

“माझ्या.”

“तुमची सही प्रमाणपत्रावर चालत नाही ना, बाबा,” ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ती उद्धट बोलली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

बुधवारी सर ट्रायलला आले. मेणातली कवळी त्यांच्या तोंडात घातली. डॉक्टरबाई पुढच्या खोलीत एका रडणाऱ्या मुलाची दाढ काढत होत्या, तेव्हा आकडे मीच म्हणवून घेतले. पहिल्या ‘फिफ्टी’ला नुसता वारा आला.

“खालचा ओठ थोडा आत घ्या, सर,” मी म्हणालो. “वरच्या दातांची कड ओठावर टेकू द्या. दाबू नका. हां. आता हवा सोडा.”

“फिफ्टी,” सर म्हणाले.

“छान. आता व. तसंच, फक्त गळ्यात आवाज धरा. ओठ गोल करू नका, गोल केले की तो दुसरा व होतो.”

“फिफ्टी-फाइव्ह.” त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. “तुम्ही कुठं शिकलात हे?”

“इथंच. लोकांच्या तोंडात.”

मग साठीचे आकडे सुरू झाले. सिक्स्टी, सिक्स्टी-वन. स स्वच्छ, कोरडा, जिथल्या तिथे. मला माझ्याच कामाचा आनंद झाला. पण सरांचा चेहरा पडत गेला. सिक्स्टी-सिक्सला ते थांबले, पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. कपाळावर घाम आला.

“धार कुठं आहे?” ते म्हणाले.

मी जुन्या कवळीचे जोडलेले तुकडे उचलले, खाचेमागे फुगा धरला आणि दाबला. छोट्या खोलीत ती शीळ फार मोठी वाटली.

मला वाटलं होतं सर खवळतील. मी त्याची वाटच बघत होतो, चार शब्द तयार ठेवले होते. पण ते खवळले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवले आणि त्या तुकड्यांकडे पाहिलं.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नवी कवळी घालून वर्गात गेलो, शीळ वाजली. मी ठरवलं, संध्याकाळी जाऊन बदलून घ्यायची. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, हा स किती वेगळा आहे, कसा काढायचा?’ तोवर मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. सहा मुलं होती वर्गात, तीही जांभया देत. मी म्हणालो, ‘याला वर्षानुवर्षांची साधना लागते.’ दुसऱ्या दिवशी बारा मुलं आली.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण म्हणतो. या माणसाने टाळ्याला लावली आणि इमारत उभी केली.

“शनिवारी पडद्यामागून नमुना मीच म्हणतो,” सर पुढे म्हणाले. “परीक्षार्थीही पडद्यामागून म्हणतात, म्हणजे ओळखपाळख नको. पडद्यापलीकडे परीक्षक बसतात, माझेच विद्यार्थी. मी असा बोललो तर ते मलाच नापास करतील हो.” ते विनोद करत नव्हते. “मला खाच करून द्या.”

“मी वाईट काम करत नाही,” मी म्हणालो. “एकतीस वर्षांत केलं नाही. आणि एक सांगतो. तुमच्याकडे एक मुलगी दोनदा नापास झाली, सला धार नाही म्हणून. घराण्याचा दोष, असं लिहून दिलंत. ते घराणं माझं आहे.”

सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग हळू म्हणाले, “विमानतळाची? आठवते मला. पडद्यामागून ऐकलं मी तिला. तिचा स… तसा बरोबर होता.”

“बरोबर होता?” माझा आवाज चढला. पुढच्या खोलीतलं मूल रडायचं थांबलं. “बरोबर होता, मग नापास का केलंत?”

“ती एकटी बरोबर असं म्हणायचं, तर हजार जणांना काय सांगू? त्या हजार जणांच्या नोकऱ्या आहेत, घरं आहेत.” त्यांनी मान खाली घातली. “तुम्ही खाच करा. मी तिला पास करतो. शेवटची सही माझी असते. परीक्षक काहीही म्हणोत, मी सही करीन. शब्द देतो.”

मी मेणातली कवळी काढून घेतली आणि त्यांना शुक्रवारी यायला सांगितलं. सांगायला लाज वाटते, पण मी फार वेळ विचार केला नाही. मला नकार देता आला असता. पण महिनाअखेर आठ दिवसांवर आली होती. आणि मी स्वतःला समजावलं की यात लेकीचं काहीच जात नाही. तिचा स तिच्याकडेच राहणार, तसाच स्वच्छ, आणि वर प्रमाणपत्र. जाणार ते माझं. कवळी सरांच्या तोंडात, खाच माझ्या हाताची. सौदा वाईट नव्हता.

गुरुवारी मी ती खाच कोरली. सांगतो, चांगलं काम करण्यापेक्षा वाईट काम नेमकं करणं अवघड असतं. किंचित जास्त रुंद झाली की शीळ फाटते, किंचित उथळ झाली की वाजतच नाही. मी कोरायचो, फुगा दाबायचो, ऐकायचो, पुन्हा कोरायचो. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काका, हे काय करताय?”

“पेशंटची मागणी आहे.”

“त्यांची, की तुमची?” त्यांनी विचारलं. मी मशीन चालू केलं, म्हणजे उत्तर द्यायला नको. त्या पुढच्या खोलीत गेल्या.

घरी लेक त्या दिवसांत कमी बोलायची. दार लावून सराव करायची. मी एकदा दारावर टकटक करून म्हणालो, “फार ताण घेऊ नकोस. या वेळी होणार आहे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला वाटतं.”

“मलाही वाटतं,” ती आतून म्हणाली. दार काही उघडलं नाही. जीभ एकदा जे शिकते ते सहजी सोडत नाही, हे मी रोज पेशंटना सांगतो. नवी कवळी घातलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस बोलताना त्रास होतो, मग जीभ आपली वाट शोधते आणि ती वाट पक्की होते. कवळी बदलली तरी कित्येकांची जीभ जुन्याच वाटेने जात राहते. हे सगळं मला पाठ आहे. पण तेव्हा मी बंद दारापुढे उभा होतो आणि मला फक्त बरं वाटत होतं, की पोर जिद्दीची आहे.

शुक्रवारी सर कवळी घेऊन गेले. जाताना ‘सिक्स्टी-सिक्स’ म्हणाले. शीळ अशी सुरेख वाजली की त्यांचे डोळे भरून आले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. असा आदर मला कुठल्याही चांगल्या कवळीसाठी मिळालेला नाही.

शनिवारी दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. माझ्यासाठीच होता.

“अभिनंदन,” सरांचा आवाज. शीळ फोनमध्येही स्पष्ट. “नमुना उत्तम झाला. आणि तुमची मुलगी पास.”

“तुम्ही शब्द पाळलात,” मी म्हणालो.

“अहो, मला काही करावंच लागलं नाही! तेच सांगायला फोन केला. परीक्षकांनीच पूर्ण गुण दिले. असा स आमच्याकडे अठरा वर्षांत ऐकला नव्हता. पडद्यापलीकडे त्यांना वाटलं मीच बोलतोय. कसा शिकवलात तुम्ही तिला?”

मी फोन ठेवला. हातावर प्लास्टरची पांढरी भुकटी होती. ती मी पॅन्टला पुसली आणि डॉक्टरबाईंना सांगून घरी निघालो.

वाटेत माझ्या डोळ्यांपुढे माझेच दोन हात येत होते, सोमवारी जेवताना दाखवलेले. हा तळवा टाळू, ही बोटं जीभ. तिने धार कशी काढायची ते घेतलं होतं आणि ‘बदलू नकोस’ सोडलं होतं. मी सौदा केला तेव्हा तिचाही चालू होता, दाराच्या पलीकडे. मी माझं काम विकलं, तिचा स वाचावा म्हणून. तिने स विकला, जागा हातची जाऊ नये म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कुणावर?

दार तिनेच उघडलं. हातात प्रमाणपत्र, गाल लाल, आई मागे डोळे पुसत उभी. लहानपणी पाटामागे उभी राहायची तशीच ताठ उभी राहिली, घसा साफ केला आणि घोषणेच्या सुरात म्हणाली, “बाबा, मी पास झाले.”

त्या ‘पास’मधल्या सला बारीक शीळ वाजली. मराठीत.

आमच्या हिला ती ऐकू आली नाही, की येऊन न आल्यासारखं तिने केलं, मला माहीत नाही. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला नोकरी मिळाली होती, तिला हवी ती, आणि ती स्वतःच्या हिमतीने मिळाली होती. मला आनंद झाला होता, तोही खरा होता.

“पुन्हा म्हण,” मी म्हणालो. “साधं म्हण. आपलं.”

तिला कळलं. तिने ओठ ओले केले, जीभ आत कुठेतरी हलवून बघितली, जशी नव्या कवळीची माणसं बघतात. “पास,” ती म्हणाली. शीळ वाजली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वाजली. मग ती हसली, पण हसताना माझ्याकडे बघितलं नाही.

“जाईल हो हळूहळू,” ती म्हणाली. “सवय झाली की.”

हेच वाक्य मी रोज दहा पेशंटना सांगतो. पण त्यांची कवळी निदान काढून पाण्यात ठेवता येते.